पायथन एक्स्टेन्शनमधले थ्रेड-लोकल स्टोरेज: जुन्या किल्लीपासून जीआयएलविना पायथनपर्यंत

पायथन ३.९ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्या आणि त्यानंतरच्या पहिल्याच अंतर्गत ऑडिटमध्ये आमच्या सर्व्हरांवर शेरा आला. त्याच महिन्याच्या ७ तारखेला ३.१४ प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यातली जीआयएलविना (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकाच समांतर धाग्याला, पायथन कोड चालवू देणाऱ्या कुलपाविना) चालणारी आवृत्ती आता केवळ प्रयोगापुरती राहिली नव्हती. पेप ७७९ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) तिला अधिकृत पाठिंबा दिला होता. त्यामुळे आदेश दुहेरी आला: ३.१४ वर जा, आणि जमल्यास जीआयएलविना चालवून दाखवा. पायथनमध्ये लिहिलेला भाग फारशी कुरकुर न करता नव्या आवृत्तीवर चालू लागला. अडले ते सी भाषेत लिहिलेले एक्स्टेन्शन (पायथनला जोडलेले पूरक मॉड्यूल), आणि त्यातही नेमके थ्रेड-लोकल स्टोरेज, म्हणजे प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र साठवण. हे काम फेब्रुवारीच्या शेवटी पूर्ण झाले. ज्यांच्याकडे असेच कुणीतरी लिहून सोडून गेलेले एक्स्टेन्शन आहे, त्यांना वाट सापडावी म्हणून सगळा क्रम लिहून ठेवत आहे.

आमचे एक्स्टेन्शन एका जुन्या सी लायब्ररीला पायथनशी जोडते. ही लायब्ररी यंत्रभागांची मापे घेणाऱ्या उपकरणांच्या बायनरी फाइली वाचते. प्रत्येक थ्रेडला तिला एक कच्चा बफर, म्हणजे तात्पुरती मेमरी, लागतो, कारण दोन थ्रेडांनी एकाच बफरमध्ये एकाच वेळी लिहिले तर मापे एकमेकांत मिसळतात. म्हणून बफरचा पॉइंटर थ्रेड-लोकल स्टोरेजमध्ये ठेवलेला असतो: एक किल्ली प्रोसेसभर तीच, पण तिने उघडणारा कप्पा प्रत्येक थ्रेडचा वेगळा. शिवाय लायब्ररी स्वतःचेही काही थ्रेड सुरू करते आणि त्या थ्रेडांमधून पायथनच्या कॉलबॅकना (आम्ही तिच्याकडे आधी सोपवलेल्या फंक्शनांना) हाक मारते. हा दुसरा भाग पुढे बराच त्रासदायक ठरला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ३.१४ वर पहिले कंपाइल केले, तेव्हा ते यशस्वी झाले. हेच फसवे होते. बिल्डच्या फाइलीत जुन्या फंक्शनांविषयीच्या वॉर्निंग दडपणारा एक पर्याय कुणीतरी लावून ठेवला होता. तो काढल्यावर पायथ्रेड_क्रिएट_की आणि तिची भावंडे दिसू लागली. ही फंक्शने पायथन ३.७ पासून कालबाह्य ठरवलेली आहेत, तरी सुसंगतीसाठी अजून शिल्लक आहेत. त्यामागचे कारण पेप ५३९ मध्ये सविस्तर दिले आहे आणि या विषयात हात घालण्यापूर्वी ते एकदा निवांत वाचावे असे मी सुचवीन. जुन्या पद्धतीत किल्ली हा साधा पूर्णांक होता. युनिक्स-प्रकारच्या सिस्टिमांच्या पॉझिक्स मानकात मात्र थ्रेड-किल्लीचा प्रकार अपारदर्शक आहे. तो पूर्णांकच असेल अशी हमी मानक देत नाही. लिनक्सवर तो योगायोगाने पूर्णांक असतो, म्हणून वर्षानुवर्षे कुणाचे अडले नाही. विंडोजवर युनिक्सचे वातावरण देणाऱ्या सिग्विनवर तो पॉइंटर असतो, आणि तिथे हे गृहीतक कोसळले. अशा प्लॅटफॉर्मवर जुने फंक्शन आता किल्ली तयार न करता सरळ अपयश कळवते.

नव्या पद्धतीत पाय_टीएसएस_टी हा वेगळा प्रकार आहे (टीएसएस म्हणजे थ्रेड-स्पेसिफिक स्टोरेज, थ्रेड-लोकल स्टोरेजचेच दुसरे नाव). तो स्टॅटिक म्हणून घोषित करून पाय_टीएसएस_नीड्स_इनिट या आरंभमूल्याने भरायचा आणि मॉड्यूल सुरू होताना पायथ्रेड_टीएसएस_क्रिएट बोलवायचे. ते दोनदा बोलावले तरी दुसऱ्या वेळी काही न करता यश कळवते, म्हणून ‘आधी तयार केली आहे का’ हे तपासणारा जुना कोड काढून टाकता आला. या फंक्शनांसाठी जीआयएल हातात असण्याचीही गरज नाही. ज्यांचे एक्स्टेन्शन मर्यादित एपीआय (पायथनच्या सी फंक्शनांचा स्थिर ठेवलेला भाग) वापरून एकाच बांधणीत अनेक आवृत्त्यांवर चालते, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: तिथे या प्रकाराचा आकार कंपाइलरला ठाऊक नसतो, त्यामुळे स्टॅटिक घोषणा चालत नाही आणि पायथ्रेड_टीएसएस_अलॉक ने किल्लीसाठी जागा मागावी लागते. आमचेही एक्स्टेन्शन तसेच होते. पुढे कळले की ३.१४ ची जीआयएलविना आवृत्ती मर्यादित एपीआय मुळी स्वीकारतच नाही आणि तिच्यासाठी वेगळे व्हील (बसवायला तयार पॅकेज) बांधावेच लागते. बिल्ड सर्व्हरवर त्या जादा व्हीलसाठी वेगळे तिकीट काढावे लागले, तेव्हा तुमच्याकडेही अशी पद्धत असेल तर ते पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

कोड वाचताना एक गोष्ट पाहून मी थबकले. किल्ली मॉड्यूलसाठी एक नव्हती. उघडलेल्या प्रत्येक फाइलीच्या वाचक-वस्तूसाठी नवी किल्ली तयार होत होती आणि वस्तू नष्ट झाल्यावर ती परत केली जात नव्हती. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये एका प्रोसेसला १०२४ किल्ल्या मिळतात. पॉझिक्सने घालून दिलेली किमान संख्या तर १२८ आहे. विंडोजवर ही मर्यादा १०८८ आहे. आमची सेवा रोज रात्री पुन्हा सुरू केली जाते, आणि ती का केली जाते हे टीममध्ये कुणालाच नीट सांगता येत नव्हते. मला वाटते उत्तर इथे होते. पायथनच्या स्वतःच्या थ्रेड-लोकल साठवणीची, म्हणजे थ्रेडिंग.लोकल ची, गोष्ट वेगळी आहे. तिच्या कितीही वस्तू बनवल्या तरी प्रत्येकीमागे ऑपरेटिंग सिस्टिमची किल्ली खर्च होत नाही, कारण ती आपली मूल्ये इंटरप्रिटर प्रत्येक थ्रेडसाठी ठेवतो त्या नोंदीच्या, म्हणजे थ्रेड-स्टेटच्या, आधाराने सांभाळते.

किल्ली एकच केली आणि खरा प्रश्न उघडा पडला: थ्रेड संपल्यावर बफर कोण मोकळा करणार? पायथनची टीएसएस फंक्शने कप्प्यातल्या पॉइंटरची मालकी घेत नाहीत. ती किल्ली बनवताना डिस्ट्रक्टर (शेवटी चालणारे सफाईचे फंक्शन) देत नाहीत, आणि कप्प्यात पायथनची वस्तू ठेवली तरी तिची संदर्भसंख्या (तिला किती ठिकाणांहून धरलेले आहे ती मोजणी) वाढवत किंवा कमी करत नाहीत. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे. जिथे ठरावीक थ्रेड कायम जिवंत असतात तिथे हे खपून जाते. आमच्या सेवेत प्रत्येक विनंतीला नवा थ्रेड जन्माला येतो आणि मरतो, त्यामुळे प्रत्येक मेलेल्या थ्रेडमागे एक बफर अनाथ राहत होता.

पहिला विचार साहजिकच पॉझिक्सच्या थ्रेड-लायब्ररीची, म्हणजे पीथ्रेडची, किल्ली थेट वापरून तिला डिस्ट्रक्टर जोडण्याचा होता. निव्वळ सी मेमरी असेल तर तो ठीकच आहे. पण आमच्या बफरच्या आत एका पायथन वस्तूचा संदर्भ होता, आणि पीथ्रेडचा डिस्ट्रक्टर चालतो तेव्हा त्या थ्रेडचे पायथन थ्रेड-स्टेट आधीच नष्ट झालेले असते. त्या अवस्थेत संदर्भसंख्या कमी करणे म्हणजे मालक घर सोडून गेल्यावर त्याच्या दाराशी हिशेब मागण्यासारखे आहे. म्हणून बफर अशा जागी ठेवायला हवा होता, जिचे आयुष्य इंटरप्रिटर स्वतः सांभाळतो.

ती जागा म्हणजे पायथ्रेडस्टेट_गेटडिक्ट ने मिळणारी डिक्शनरी. बफर एका कॅप्सूलमध्ये (सी पॉइंटर धरून ठेवणाऱ्या पायथन वस्तूत) गुंडाळायचा, कॅप्सूलला डिस्ट्रक्टर द्यायचा आणि ती या डिक्शनरीत आपल्या मॉड्यूलपुरत्या वेगळ्या नावाखाली ठेवायची. पायथनने सुरू केलेला थ्रेड संपतो तेव्हा इंटरप्रिटर त्याचे थ्रेड-स्टेट रिकामे करतो, डिक्शनरी जाते, कॅप्सूल जाते आणि बफर मोकळा होतो. हे करताना दोन गोष्टी पाळाव्यात. डिक्शनरीचा संदर्भ उसना असतो, आणि थ्रेड-स्टेट नसेल तर हे फंक्शन अपवाद न उठवता नल परत करते, तेव्हा ते तपासावेच. दुसरे असे, की फोर्कनंतरच्या (प्रोसेसची प्रत काढल्यावरच्या) बाल-प्रोसेसमध्ये किंवा इंटरप्रिटर बंद होताना दुसऱ्या थ्रेडांची स्टेट भलत्याच थ्रेडवरून रिकामी केली जाऊ शकतात. म्हणून डिस्ट्रक्टरने ‘माझ्या थ्रेडचा बफर कुठला’ असे थ्रेड-लोकल स्टोरेजला विचारू नये, पॉइंटर कॅप्सूलमधूनच घ्यावा. प्रत्येक कॉलमागे डिक्शनरीत शोध घेण्याचा खर्च मोजून पाहिला. आमचा एक कॉल पूर्ण ब्लॉक वाचतो, त्यामुळे फरक नजरेत भरण्याइतका नव्हता आणि पॉइंटर वेगळा राखून ठेवण्याचा मोह मी टाळला.

इथवर डिसेंबर उजाडला होता आणि चाचण्या हिरव्या होत्या. फक्त कॉलबॅकची चाचणी विलक्षण मंद झाली होती. कारण शोधण्यासाठी पायथनच्या बाजूला अगदी लहानसा प्रयोग केला. थ्रेडिंग.लोकल च्या एका वस्तूत गणक ठेवला, लायब्ररीच्या एकाच थ्रेडवरून कॉलबॅक पुनःपुन्हा बोलावला, आणि दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला थ्रेड-क्रमांक व गणक छापला. थ्रेड-क्रमांक प्रत्येक ओळीत तोच होता. गणक मात्र १, १, १, १ असाच येत राहिला.

सी कोडने पायथनला हाक मारण्यापूर्वी बोलवायचे पायजीआयएलस्टेट_एन्शुअर कसे चालते हे समजले की याचा उलगडा होतो. पायथनला अपरिचित असलेल्या थ्रेडवरून ते बोलावले की ते त्या थ्रेडसाठी नवे थ्रेड-स्टेट बनवते आणि किती वेळा एन्शुअर झाले याची मोजदाद ठेवते. जोडीच्या रिलीजने ती मोजदाद शून्यावर आणली की थ्रेड-स्टेट नष्ट होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड जिवंतच असतो, पण पायथनच्या दृष्टीने तो प्रत्येक कॉलबॅकला जन्मतो आणि मरतो. पायथनमधून सी फंक्शने बोलावणाऱ्या सीटाइप्स मॉड्यूलच्या दस्तऐवजात याच वर्तनाविषयी इशारा दिलेला आहे. आमचा बफरही त्यामुळे प्रत्येक कॉलबॅकला नव्याने मागितला जात होता आणि लगेच परत केला जात होता.

उपाय असा, की लायब्ररीचा थ्रेड सुरू होतानाच एकदा बाहेरचे एन्शुअर करायचे आणि लगेच पायइव्हल_सेव्हथ्रेड ने थ्रेड-स्टेट सोडून द्यायचे. थ्रेड संपताना ते परत घेऊन रिलीज करायचे. मधल्या कॉलबॅकमधली एन्शुअर-रिलीजची जोडी मग आतली ठरते, मोजदाद शून्यावर जात नाही आणि डिक्शनरी टिकते. सुदैवाने लायब्ररीत थ्रेडच्या आरंभी आणि शेवटी बोलावली जाणारी दोन फंक्शने नोंदवण्याची सोय होती. बाहेरचे एन्शुअर झाले आहे की नाही ही खूण ठेवण्यासाठी मी ती एकच उरलेली टीएसएस किल्ली वापरली, कारण ती तपासताना पायथनशी जोडलेले असण्याची गरज नसते. प्रयोग पुन्हा चालवला, तेव्हा गणक १, २, ३ असा वाढू लागला.

या जोडणीतले सेव्हथ्रेड विसरता कामा नये. नेहमीच्या पायथनमध्ये ते विसरले तर जीआयएल अडकून राहतो आणि सगळे तत्काळ ठप्प होते, म्हणजे निदान लगेच कळते. जीआयएलविना आवृत्तीत सगळे सुरळीत चाललेले दिसते, आणि मग कचरा-संकलनासाठी इंटरप्रिटर सर्व जोडलेल्या थ्रेडांना थांबायला सांगतो, तेव्हा सी कोडमध्ये निवांत वाट पाहत बसलेला तो एक थ्रेड थांब्यापर्यंत येतच नाही. जीआयएल गेला तरी एन्शुअर, रिलीज आणि सेव्हथ्रेड यांची गरज जात नाही.

यानंतर एआरएम सर्व्हर, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे. नव्या यंत्रांपैकी काही एआरएमची होती, आणि चाचणीसाठी क्लाउडमध्ये तसे यंत्र भाड्याने घ्यायला खर्चखात्याचा क्रमांक, मॅनेजरची मंजुरी आणि सिक्युरिटी टीमचा फॉर्म असे तीन टप्पे होते. भाडे तासावर आकारले जाते आणि आमच्या वापरात ते किरकोळ निघाले. वेळ गेला तो फॉर्ममध्ये. त्यात ‘यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर बसवणार’ या रकान्यात पायथन ३.१४ लिहिले होते, पण जीआयएलविना आवृत्ती ही वेगळी बांधणी असल्याने तिचा स्वतंत्र उल्लेख हवा म्हणून तो परत आला. तुमच्याकडेही असा फॉर्म असेल, तर दोन्ही आवृत्त्या पहिल्यांदाच लिहा.

यंत्र मिळाले आणि एक्स्टेन्शन लोडच होईना. ‘स्टॅटिक टीएलएस ब्लॉकमध्ये मेमरी देता येत नाही’ अशा अर्थाची तक्रार येत होती (टीएलएस म्हणजे थ्रेड-लोकल स्टोरेज). याचे मूळ पायथनमध्ये नव्हते. सी लायब्ररीने एक मोठे ॲरेच थ्रेड-लोकल म्हणून घोषित केले होते आणि तिच्या मेकफाइलमध्ये वेगासाठी ‘इनिशियल-एक्झेक’ हे टीएलएस मॉडेल सक्तीचे केले होते. या मॉडेलमध्ये व्हेरिएबलचा पत्ता थ्रेड-पॉइंटरपासूनच्या ठरलेल्या अंतरावर असतो, त्यामुळे ते वाचणे स्वस्त पडते. पण त्यासाठी प्रोग्रॅम सुरू होतानाच राखलेल्या ब्लॉकमध्ये जागा असावी लागते. नंतर डीएलओपनने येणाऱ्या लायब्ररीसाठी तिथे थोडीशीच जागा शिल्लक ठेवलेली असते, आणि एक्स्टेन्शन तर नेहमी नंतरच येते. कोणती लायब्ररी आधी लोड झाली यावरही हे अवलंबून असल्याने इम्पोर्टचा क्रम बदलला की तक्रार कधी नाहीशी होई, कधी परत येई. इंटरनेटवर एलडी_प्रीलोडचा, म्हणजे लायब्ररी सुरुवातीलाच लोड करवण्याचा, उपाय सर्रास सुचवलेला आढळतो. तो चालतो, पण प्रत्येक सर्व्हरवर तो लावत बसणे मला पटले नाही. ॲरेऐवजी फक्त पॉइंटर थ्रेड-लोकल ठेवायचा, मेमरी हीपमधून घ्यायची आणि मेकफाइलमधली ती सक्ती काढायची, एवढाच बदल योग्य होता.

बदल दोन-चार ओळींचा, पण लायब्ररी दुसऱ्या टीमची. त्यांची बदल-मंजुरीची बैठक एक आड एक गुरुवारी असते, आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वर्षअखेरीची बदलबंदी होती. त्या काळात अस्वस्थ होण्यापलीकडे फारसे हातात नव्हते. बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, “वेग कमी होणार नाही ना?” आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांचा तक्ता जोडलेला असल्याने चर्चा लांबली नाही. असा तक्ता कुणी मागण्यापूर्वीच जोडलेला बरा.

जानेवारीत जीआयएलविना आवृत्तीवर पहिला इम्पोर्ट केला, तेव्हा वॉर्निंग आली की या मॉड्यूलने आपण जीआयएलविना सुरक्षित असल्याचे घोषित केलेले नसल्यामुळे जीआयएल पुन्हा सुरू करण्यात आला आहे. घोषणा करणे सोपे आहे: मॉड्यूल बहुटप्पी आरंभाच्या पद्धतीने लिहिलेले असेल तर पाय_मॉड_जीआयएल हा स्लॉट भरायचा. ती खरी ठरवणे कठीण. त्यासाठी क्लँग वापरून थ्रेड-सॅनिटायझरसह (थ्रेडांमधल्या टकरा शोधणाऱ्या साधनासह) पायथन स्वतः बांधला, ३.१३ पासून कॉन्फिगर करताना त्यासाठी वेगळा पर्याय मिळतो. थ्रेड-लोकल भागात एकही रेस (दोन थ्रेडांची एकाच मेमरीवरची टक्कर) निघाली नाही, कारण तिथे वाटून घेण्यासारखे काही उरलेच नव्हते. निघाली ती एका साध्या स्टॅटिक पॉइंटरवर, ज्यात ‘शेवटी उघडलेली फाइल’ राखून ठेवलेली होती आणि जो आजवर जीआयएलच्या आडोशाने सुखरूप होता. तो पॉइंटर मी काढूनच टाकला.

उप-इंटरप्रिटरांचा (एकाच प्रोसेसमधल्या वेगवेगळ्या पायथन इंटरप्रिटरांचा) विचार मात्र मी जाणीवपूर्वक अर्ध्यावर सोडला. पायथन ३.१२ पासून पेप ६८४ मुळे प्रत्येक इंटरप्रिटरला स्वतःचा जीआयएल असू शकतो, आणि ३.१४ मध्ये ते थेट पायथनमधून वापरण्याचे मॉड्यूलही आले आहे. टीएसएस किल्ली प्रोसेसभर एकच असल्याने एकाच थ्रेडवर दोन इंटरप्रिटर आलटून-पालटून चालले, तर दोघांना एकच कप्पा दिसतो. थ्रेड-स्टेटची डिक्शनरी इंटरप्रिटरगणिक वेगळी असते, त्यामुळे आमचा बफर त्यातून वाचतो; पण एन्शुअरची यंत्रणा मुख्य इंटरप्रिटरपुरतीच भरवशाची आहे आणि आमचे कॉलबॅक तिच्यावरच उभे आहेत. म्हणून आम्हाला उप-इंटरप्रिटर चालत नाहीत असे संबंधित स्लॉटमध्ये स्वच्छ सांगून टाकले. न पाळता येणारे वचन देण्यापेक्षा हे बरे वाटले.

शेवटचे काम प्रोग्रॅम बंद होण्याचे. इंटरप्रिटर आवरते घेत असताना लायब्ररीच्या थ्रेडने एन्शुअर बोलावले, तर पूर्वी तो थ्रेड तिथेच संपवला जाई, ३.१४ पासून तो कायमचा अडकवून ठेवला जातो. आमची लायब्ररी बंद होताना आपल्या थ्रेडांची वाट पाहते, म्हणजे ती वाट पाहणे कधी संपलेच नसते. प्रोग्रॅम संपताना चालायच्या फंक्शनांच्या यादीत, म्हणजे एटएक्झिटमध्ये, लायब्ररीचे थ्रेड आधी थांबवणारे फंक्शन नोंदवले. त्या फंक्शनात थ्रेडांची वाट पाहण्यापूर्वी थ्रेड-स्टेट सोडायला हवे, नाहीतर जीआयएलच्या आवृत्तीत दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही व्हील सर्व्हरवर गेली. ऑडिटचा शेरा नेहमीच्या आवृत्तीवरच मिटला. जीआयएलविना आवृत्ती सध्या एका सर्व्हरवर चालते, आणि तिथे अनेक फाइली एकदम वाचताना सगळे कोर कामाला लागलेले दिसतात. रात्री सेवा पुन्हा सुरू करण्याचा जुना नियम मात्र अजून कागदावर आहे. तो रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो पुढच्या गुरुवारच्या बैठकीत आहे.